न दिसणारी जीर्णता

गेल्या पावसाळ्यात आमच्या हाती एक पत्र पडले. लिहिणारा आमच्याच धर्मग्रामातला तरुण. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून अडचणीचे प्रश्न विचारणारा हा मुलगा आता इंग्लंडमधील एका इस्पितळात परिचारकाची नोकरी करतो. पोरवयापासून त्याला मोटारींचे वेड. नोकरीत स्थिरस्थावर झाल्यावर त्याने एक जुनी माझदा एमएक्स-५, म्हणजे दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्‌स कार विकत घ्यायचे मनात आणले होते. मोटार सोळा वर्षांची, पण धावलेली अगदी थोडी. मालक एक वयस्कर गृहस्थ. हिवाळाभर ती गॅरेजमध्ये झाकून ठेवणारे. रंग लखलखीत, इंजिन निरोगी, कागदपत्रे चोख. चारही टायरांच्या खाचा जवळजवळ नव्यासारख्या खोल. मात्र टायरच्या बाजूवर उमटविलेले आकडे वाचल्यावर त्याच्या ध्यानात आले, की हे टायर अकरा वर्षांपूर्वी तयार झालेले आहेत.

त्याने लिहिले होते, “फादर, मालक म्हणतात टायर उत्तम आहेत. इथला कायदाही हरकत घेत नाही. बाबा फोनवर म्हणाले, खाचा आहेत ना, मग पैसे कशाला घालवतोस? चार नव्या टायरांना जवळजवळ चारशे पौंड पडतील. तुम्ही सांगा, हे टायर बदलणे माझे कर्तव्य आहे, की ही माझी नुसती धास्ती?”

असा प्रश्न मेकॅनिकला विचारायचे सोडून धर्मगुरूला का विचारावा, असे वाचकांना वाटेल. आम्हांलाही क्षणभर हसू आले. पण पत्र दुसऱ्यांदा वाचले आणि हसू मावळले. ‘कर्तव्य’ हा शब्द त्याने जाणूनबुजून वापरला होता. टायर किती दिवस टिकेल याचा अंदाज मेकॅनिक देईल. परंतु डोळ्यांना न दिसणाऱ्या धोक्यापायी माणसाने किती झीज सोसावी, आणि कोणासाठी सोसावी, हा प्रश्न मेकॅनिकच्या हत्यारपेटीत मावणारा नव्हे. त्याला उत्तर लिहिण्यापूर्वी आम्हांला बराच विचार करावा लागला. तोच येथे मांडीत आहोत.

रबराचे वय

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कारण वस्तू नीट जाणून न घेता तिच्याविषयी नीतीचा उपदेश करणे हाही एक प्रकारचा आळसच होय.

झाडाच्या चिकापासून मिळणारे कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक. १८३९ साली चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाला गंधक मिसळून ते तापविण्याची युक्ती सापडली. गंधकामुळे रबराचे लांबलचक रेणू एकमेकांना जागोजागी बांधले जातात; म्हणून ते ताणले तरी पुन्हा मूळ आकाराला येते. पुढे १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायराचे पेटंट घेतले आणि रस्त्यावरचा प्रवास सुसह्य झाला. परंतु जी रासायनिक क्रिया कारखान्यात हेतुपुरस्सर घडविली जाते, तिच्यासारखीच दुसरी एक क्रिया पुढे कोणी न सांगता चालू राहते. हवेतला प्राणवायू रबरात शिरतो. काही जुन्या गाठी तोडतो, काही नको त्या नव्या गाठी मारतो. टायरात दाबाने भरलेली हवा आतूनही बाहेर झिरपत असते. त्यामुळे हे वार्धक्य दोन्ही बाजूंनी येते. उष्णता ते लवकर आणते. रबर कडक होते, त्याची लवचीकता जाते. ओल्या व थंड रस्त्यावर जी पकड हवी, ती उणावते. आणि टायराच्या पोटात पोलादी तारांचे जे पट्टे असतात, त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारा रबराचा थर हळूहळू दुबळा होतो. भर वेगात तो सुटला, तर वरचा पट्टा सालीसारखा निघून येतो.

येथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. ऊन आणि ओझोन वायू यांपासून बचाव व्हावा म्हणून रबरात मेणासारखी काही द्रव्ये मिसळलेली असतात. चाक फिरते, टायर दबतो आणि फुगतो, तेव्हा ही द्रव्ये पृष्ठभागावर येऊन त्याला संरक्षण देतात. जी मोटार महिनोन्‌महिने उभी असते, तिच्या टायराला हे लेपन पुरेसे मिळत नाही. म्हणजे मालकाने जिवापाड जपलेल्या मोटारीचा टायर केवळ जपल्यामुळे तरुण राहत नाही. उभ्या उभ्याही तो म्हातारा होतो.

टायराचे वय ओळखण्याची खूण त्याच्यावरच असते. २००० सालापासून टायरावर चार आकडे उमटविले जातात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१५ म्हणजे २०१५ सालातला तेविसावा आठवडा. पुष्कळदा हे आकडे टायराच्या एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू मोटारीच्या आतल्या अंगाला बसविलेली असली, तर जमिनीवर आडवे पडून विजेरी लावल्याशिवाय ते दिसत नाहीत.

या वयाची मर्यादा किती? येथे तज्ज्ञांत पूर्ण एकमत नाही. अनेक मोटारउत्पादक सहा वर्षे झाल्यावर टायर बदलावेत असे सुचवितात. मिशेलिन ही टायर बनविणारी कंपनी सांगते, की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि दहा वर्षे झाली की, दिसायला कितीही चांगला असला तरी, टायर काढून टाकावा, स्टेपनीसुद्धा. म्हणजे सहा आणि दहा यांच्या मधली जागा विवेकाची आहे. अकरा वर्षे ही मात्र सर्वांच्याच कुंपणाबाहेरची.

झिजणे आणि जीर्ण होणे

पत्र आल्यानंतर आम्ही त्या तरुणाच्या वडिलांची गाठ घेतली. गृहस्थ एसटीचे निवृत्त चालक. सकाळी गाडी ताब्यात घेतली की प्रत्येक चाकावर दांडा मारून आवाजावरून हवेचा अंदाज घेण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्यासमोर आम्ही मुलाचा प्रश्न काढला, तेव्हा ते म्हणाले, “फादर, तीस वर्षे गाडी चालवली. झिजलेला टायर पाहिला, फाटलेला पाहिला. म्हातारा झालेला टायर काही मी पाहिला नाही. तेवढा तो जगतच नव्हता.”

या साध्या वाक्याने आम्हांला साऱ्या प्रकरणाची किल्ली दिली. राबणारी गाडी वर्षाकाठी इतके अंतर तोडते, की टायर म्हातारा होण्याआधीच झिजून जातो. तेथे खाच हेच आयुष्याचे माप, आणि ते माप खरेही ठरते. हौसेची स्पोर्ट्‌स कार मात्र रविवारी, सुट्टीच्या दिवशी, कोरड्या हवेत चार-दोन मैल फिरते. तिचा टायर झिजत नाही, जीर्ण होतो. खाचांचे माप तेथे खोटी साक्ष देते. बाप अडाणी नव्हता आणि मुलगा भित्रा नव्हता. बापाचे ज्ञान खरे होते, पण दुसऱ्या रस्त्याचे होते.

अनुभवाची हीच मर्यादा आहे. ज्या धोक्याने आपल्याला कधी चावा घेतला नाही, तो धोका नाहीच असे अनुभव सांगतो. विवेकबुद्धीला म्हणून अनुभवाबरोबर चौकशीचीही जोड द्यावी लागते.

आणि स्पोर्ट्‌स कार ही काही बैलगाडी नव्हे. जोराने वळण घेणे, झटक्यात वेग धरणे आणि तितक्याच झटक्यात थांबणे यासाठीच ती घडविलेली असते. हे सारे सामर्थ्य अखेर चार ठिकाणी रस्त्याला टेकते, आणि प्रत्येक ठिकाणी टेकणारा रबराचा तुकडा साधारण तळहाताएवढा असतो. इंजिन कितीही बलवान असो, त्याचा शब्द या चार तळहातांच्या जोरावरच रस्त्यापर्यंत पोहोचतो.

दोन अपघात

३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील सांता क्लॅरिटा येथे पोर्शे कंपनीच्या ‘कॅरेरा जीटी’ या अतिवेगवान मोटारीला अपघात झाला. तीत प्रसिद्ध चित्रपट अभिनेते पॉल वॉकर आणि मोटार चालविणारे त्यांचे मित्र दोघेही ठार झाले. फिलिपाइन्समधील वादळग्रस्तांच्या मदतीसाठी भरविलेल्या कार्यक्रमाहून ते निघाले होते. मार्च २०१४ मध्ये तपास अधिकाऱ्यांनी निष्कर्ष जाहीर केले. ताशी ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर मोटार ८० ते ९३ मैलांच्या वेगाने धावत होती. हेच अपघाताचे कारण. परंतु त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदविली: मोटारीचे टायर नऊ वर्षांचे होते, आणि त्यामुळे तिच्या ताब्यावर परिणाम झालेला असू शकतो. येथे टायराला मुख्य आरोपी करणे न्यायाचे होणार नाही. बेफाम वेगाला नवा टायरही तारू शकत नाही. तथापि, जेथे चूक सुधारण्यासाठी तसूभर जागा हवी होती, तेथे जुन्या रबराने ती जागा आणखी आकसून टाकली असावी, एवढे म्हणता येईल.

दुसरी घटना आमच्या मनाला अधिक लागली. ती स्पोर्ट्‌स कारची नाही, पण टायराच्या वयाचीच आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये इंग्लंडमधील सरे परगण्यात एका संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या तरुणांच्या बसचा पुढचा टायर फुटला. बस रस्ता सोडून झाडावर आदळली. चालक आणि दोन प्रवासी मृत्युमुखी पडले. तो टायर साडेएकोणीस वर्षांचा होता. इतका जुना टायर वापरण्यास त्या वेळी कायद्याची बंदी नव्हती. मृतांपैकी एक मुलगा अठरा वर्षांचा होता. त्याच्या आईने पुढे वर्षानुवर्षे खटपट केली. आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये मालमोटारी, बसगाड्या यांच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर लावण्यास मनाई झाली. खासगी मोटारींना हा नियम लागू नाही. आमच्या तरुणाने ‘कायदा हरकत घेत नाही’ असे लिहिले, ते याच अर्थाने.

साडेआठ वर्षे! त्या साडेआठ वर्षांत जुन्या टायरांचे रसायन काही बदलले नव्हते. बदलला तो कायदा. एखादी गोष्ट कायद्याने मोकळी आहे म्हणजे ती निर्धोक आहे, असे मानणाऱ्याने ही साडेआठ वर्षे आठवावीत. कायदा बहुधा कोणाच्या तरी अंत्यविधीनंतर शहाणा होतो. विवेकबुद्धीला त्याच्या आधी शहाणे होण्याची मुभा असते.

विकणाऱ्याचे देणे

आता विकणाऱ्याकडे वळू. ‘टायर उत्तम आहेत’ असे म्हणणारे ते वृद्ध गृहस्थ खोटे बोलले काय?

हा वाद फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये सिसेरोने कर्तव्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात घर विकणाऱ्याचे उदाहरण आहे. घराचे लाकूड कुजलेले आहे, ते कोसळण्याचा संभव आहे, आणि ही गोष्ट मालकाखेरीज कोणाला ठाऊक नाही. त्याने ती सांगावी काय? एक तत्त्ववेत्ता म्हणतो, मालकाने घर विकायला काढले, घेण्याची सक्ती केली नाही. डोळे उघडे ठेवणे हे घेणाऱ्याचे काम. दुसरा म्हणतो, जाणूनबुजून माणसाला चुकीत ढकलणे हे वाटसरूला वाट न दाखविण्याहून वाईट. सिसेरो दुसऱ्याच्या बाजूने कौल देतो.

सेमिनरीत असताना आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचे खरेदीविक्रीवरील विवेचन शिकलो. ते या प्रश्नाला फारच जवळचे आहे. त्यांच्या मते, ज्या दोषामुळे घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा त्याच्या जिवाला धोका पोहोचेल, तो दोष गुप्त असेल तर विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. लंगडा घोडा चपळ म्हणून विकणे किंवा मोडकळीस आलेले घर पक्के म्हणून विकणे हा अन्याय होय. परंतु दोष उघड असेल, जसे घोड्याला एकच डोळा असणे, आणि किंमतही त्या मानाने उतरविलेली असेल, तर तो तोंडाने सांगण्याचे बंधन नाही. घेणारा आपल्या डोळ्यांनी पाहू शकतो.

मग जुना टायर हा लंगडा घोडा, की एकडोळ्या घोडा? प्रश्न गमतीचा वाटेल, पण उत्तर त्यावरच अवलंबून आहे. विकणारा म्हणेल, ‘तारीख टायरावरच लिहिली आहे, मी काय लपविले?’ पण ती सांकेतिक आकड्यांत आहे, बहुधा आतल्या बाजूला आहे, आणि शंभरातल्या कितीजणांना ती वाचता येते? जे लिहिलेले आहे पण सामान्य माणसाला वाचता येत नाही, ते उघड नव्हे. शिवाय खोल खाचा पाहून घेणाऱ्याची जी समजूत होते, ती नेमकी उलट असते. म्हणून हे विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर त्याने सांगितले पाहिजे असे आमचे मत झाले. ठाऊकच नसेल, तर त्याच्यावर फसवणुकीचा दोष येत नाही. तथापि, अक्वायनस असेही म्हणतात, की अजाणता सदोष वस्तू विकणाऱ्याला पाप लागत नसले, तरी दोष ध्यानात आल्यावर त्याने भरपाई केली पाहिजे. आम्हांला वाटते, त्या वृद्ध गृहस्थांना हे ठाऊक नव्हते. तेव्हा तरुणाने त्यांना खोटारडे न ठरविता, शांतपणे ते आकडे दाखवावेत.

घेणाऱ्याचे देणे

पण विकणाऱ्याचा हिशेब संपला म्हणजे घेणारा सुटला असे नाही. किंबहुना त्याची जबाबदारी येथेच सुरू होते. टायर फुटला तर तो एकटाच मरणार असेल, तरी आपला प्राण ही फुंकून टाकण्याची वस्तू नव्हे. आणि रस्ता तर एकट्याचा कधीच नसतो. शेजारच्या आसनावर कोणी तरी विश्वासाने बसलेले असते. समोरून येणाऱ्या मोटारीत कोणाची तरी मुले असतात. कडेने कोणी सायकलवर घरी निघालेला असतो. या लोकांना टायरावरचे आकडे वाचण्याची संधी कोणी दिलेली नाही. धोका त्यांच्याही वाट्याला येणार. निर्णय मात्र एकट्या मालकाचा. पवित्र शास्त्रात अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही, अशी आज्ञा आहे. घर आपले, गच्ची आपली; पण कठडा दुसऱ्यासाठी.

यावर कोणी म्हणेल, ‘हा टायर फुटेलच असे थोडेच आहे? कदाचित आणखी तीन वर्षे चालेल.’ अगदी बरोबर. नीतिशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत यासाठी शिकाऱ्याचे उदाहरण देत असत. झुडूप हलते आहे. आत हरीण आहे की माणूस, हे शिकाऱ्याला ठाऊक नाही. हरीण असण्याचा संभव अधिक असला, तरी त्याला गोळी झाडण्याचा अधिकार नाही. दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो, तेथे ‘बहुधा’ पुरेसे नसते. शंका असताना सुरक्षित मार्ग धरावा लागतो. अर्थात शिकारी आणि मोटारवाला यांत फरक आहे. प्रत्येक प्रवासात थोडा धोका असतोच, आणि तो शून्यावर आणायचा तर मोटारच काय, उंबरठाही ओलांडता येणार नाही. म्हणून एवढेच विचारावे: हा धोका गंभीर आहे काय? तो टाळणे आपल्या आवाक्यात आहे काय? आणि तो आपल्याला ठाऊक झाला आहे काय? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तर पुढे ‘बहुधा काही होणार नाही’ असे म्हणणे हे मताचे स्वातंत्र्य उरत नाही. तो जुगार होतो, आणि पणाला लागते ते दुसऱ्याचे आयुष्य.

या तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे अधिक सांगावेसे वाटते. काही माणसे न पाहण्यातच सोय मानतात. आकडे वाचलेच नाहीत, तर जबाबदारी नाही! पण अज्ञानाचे प्रकार असतात. जे दूर करणे शक्यच नव्हते ते अज्ञान माणसाला दोषमुक्त करते. जे दूर करायला फक्त वाकून पाहायचे होते, ते करीत नाही. आणि मुद्दाम जोपासलेले अज्ञान तर दोषात भरच घालते.

आमची जीप

हे सारे लिहिताना आमचा हात जरा अडखळतो. त्याचे कारण सांगितले पाहिजे.

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी आम्ही एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. तेथे एक जुनी जीप होती, कोणाकडून तरी स्वस्तात घेतलेली. धावत असे क्वचितच. एकदा पंक्चर काढताना पंक्चरवाल्याने टायराच्या बाजूवरच्या बारीक भेगांवर नख फिरविले आणि म्हणाला, “फादर, याचे रबर मेले आहे. बदलून टाका.” आम्ही खाचा पाहिल्या, त्या चांगल्या होत्या. सभागृहाच्या छपरासाठी वर्गणी चालू होती. पैसा लोकांचा, तो टायरांवर कसा उडवावा, असा विचार करून आम्ही ती गोष्ट पुढे ढकलली. त्या काटकसरीचा आम्हांला थोडा अभिमानही वाटला.

मे महिन्यात वेदीसेवक मुलांना घेऊन सहलीला गेलो. परतताना भर उन्हात पुढचा टायर फुटला. जीप रस्ता सोडून मिठागराच्या बांधाला जाऊन टेकली. मागे सात मुले होती. एकाच्या कपाळाला खरचटले, यापलीकडे कोणाला काही झाले नाही. पुढच्या रविवारी उपकारस्तुतीचा मिस्सा झाला. चाक घट्ट धरून ठेवल्याबद्दल पालकांनी आमचे हात हातांत घेऊन आभार मानले. टायराविषयी कोणी विचारले नाही, आणि आम्हीही सांगितले नाही.

थॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञांनी १९७६ साली नैतिक दैवाविषयी लेख लिहिले. नेगेल यांनी ट्रकचालकाचे उदाहरण घेतले आहे. ब्रेक तपासून घ्यायचे त्याने टाळले. अचानक मूल आडवे आले, तर तो आयुष्यभर स्वतःला दोष देईल. आणि मूल आडवे आलेच नाही, तर तीच हयगय कोणाच्या लेखी उरणार नाही. ते उदाहरण पुढे आमच्या वाचनात आले, तेव्हा आम्हांला तो बांध आठवला. बांधाच्या जागी पूल असता, तर त्याच हयगयीला लोकांनी वेगळे नाव दिले असते. आमची चूक टायर फुटला तेव्हा झालेली नव्हती. ती पंक्चरवाल्याच्या दुकानातच होऊन गेली होती. पुढे जे घडले ते केवळ दैव. माणसे परिणाम पाहून न्याय करतात, कारण त्यांना तेवढेच दिसते. विवेकबुद्धीला मात्र दुकानातला तो क्षण दिसत असतो.

आक्षेप आणि उत्तर

आता उलट बाजूचेही ऐकले पाहिजे. सहा वर्षे एक दिवस झाला म्हणून घाबरून चांगले टायर फेकणे, ही विवेकाची नव्हे, संशयग्रस्त मनाची खूण आहे. शिवाय त्यात नासाडी आहे. सातव्या वर्षातला टायर, ज्याचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे, जो सावलीत राहिला, जाणकाराने तपासला आणि जो संथ वापरात आहे, तो वर्षभर ठेवला तर आम्ही दोष देणार नाही. एखाद्याने जुनी मोटार फक्त प्रदर्शनात उभी करण्यासाठी घेतली असेल, तर तिला मूळचे टायर शोभतीलही. परंतु वापरलेली वस्तू घेणाऱ्याची अडचण हीच असते, की तिचा इतिहास त्याच्या हाती नसतो. टायर किती उन्हात उभा राहिला, किती वेळा कमी हवेवर चालला, कोठल्या दगडावर आदळला, हे पाठीमागच्या मालकाच्या स्मृतीत असते किंवा कोठेच नसते. म्हणून स्वतःच्या टायरापेक्षा विकत घेतलेल्या टायराला अधिक कडक माप लावावे.

राहिला पैशाचा प्रश्न. आम्ही त्या तरुणाला लिहिले: “बाळा, टायरांची किंमत ही मोटारीच्या किमतीवरचा जादा खर्च समजू नकोस, ती मोटारीच्या किमतीचाच भाग आहे. तेवढे पैसे नसतील, तर ती मोटार अजून तुझ्या ऐपतीत आलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मालकांना आकडे दाखव आणि किंमत ठरवताना हे मोकळेपणाने बोल. चारही बदल, कधी दोनच बदलावे लागले, तर नवे मागे लाव, कारण मागची चाके सुटली की मोटार सावरणे फार कठीण. नव्या टायरांवर पहिले शंभरेक मैल सबुरीने चालव. आणि काढलेले जुने टायर कोणाला स्वस्तात विकू नकोस. जो धोका तू चारशे पौंड देऊन स्वतःपासून दूर केलास, तो चाळीस पौंड घेऊन तुझ्याहून गरिबाच्या गळ्यात घालणे, हे तर टायर न बदलण्याहूनही वाईट.”

महिन्याभराने त्याचे उत्तर आले. मालकांनी आकडे पाहिले, त्यांना खरोखरच वाईट वाटले, आणि त्यांनी निम्मा खर्च सोसला. टायर बदलणाऱ्या कारागिराने जुने टायर काढून न्याहाळले आणि म्हणाला, “एखादे वर्ष चाललेही असते.” तरुणाने पुढे लिहिले होते, “फादर, म्हणजे पैसे वाया गेले की वाचले, हे मला कधीच कळणार नाही.”

नाही कळणार. सावधगिरीला तिचे प्रमाणपत्र कधीच मिळत नाही. जे घडले नाही, ते कोणी दाखवू शकत नाही. हयगयीचे पुरावे रस्त्यावर पडलेले असतात. सावधगिरीचा पुरावा म्हणजे संध्याकाळी सुखरूप घरी आलेली माणसे, आणि त्यांना तर काही विशेष घडले असे वाटतही नाही.

ते पत्र वाचून झाल्यावर आम्ही विजेरी घेऊन खाली गेलो आणि धर्मग्रामाच्या मोटारीखाली वाकून पाहिले. चार चाकांचे टायर तीन वर्षांचे होते. स्टेपनी मात्र मोटारीबरोबर आलेली, बारा वर्षांची, खाचा अगदी कोऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर आम्ही ती बदलून आणली. जुनी पुन्हा कोणाच्या चाकावर चढू नये म्हणून टायरवाल्याकडून तिची बाजू आमच्यासमोर कापून घेतली.